टिटवी, पिंगळा आणि आपण चिकटवलेल्या चिठ्ठ्या



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय 8. पिंगलेचं आख्यान.

ज्यांचं मागचे दोन-तीन दिवस वाचन राहून गेलं, त्यांच्यासाठी थोडक्यात संदर्भ. यदुराजाला एक अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, हातात काही नाही, पण चेहऱ्यावर समाधान असं की राजालाच हेवा वाटावा. राजा विचारतो, हे तुम्हाला कुठून मिळालं? अवधूत आपल्या 24 गुरूंची यादी सांगतो. परंपरेने हा अवधूत म्हणजे दत्तप्रभूच. आपल्या वऱ्हाडाला तर दत्तसंप्रदाय घरचाच, नृसिंह सरस्वतींचा जन्म आपल्या कारंज्याचा. त्यामुळे ही यादी आपण लहानपणापासून ऐकलेली असते: पृथ्वी, वारा, समुद्र, कपोत, अजगर, मधमाशी, कुरर पक्षी वगैरे.

मला आज या यादीबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. यातल्या एकाही गुरूने अवधूताला शिकवायला बसवलं नाही. कपोताला माहीतच नव्हतं की आपल्याकडे कोणी बघतंय. अवधूत स्पष्ट म्हणतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीने केले. म्हणजे त्याने फक्त पाहिलं. आणि पाहण्याआधी समोरच्यावर काय चिठ्ठी लावलेली आहे, हे वाचलं नाही.

पिंगला हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. विदेहनगरीतली वेश्या. नटूनथटून दारात उभी. कोणी येईल, हा नाही तर तो येईल, असं करत आत-बाहेर करत मध्यरात्र होते. कोणी येत नाही. आणि त्या क्षणी तिला स्वतःचीच शिसारी येते, आशा सुटते, आणि ती शांत झोपते. त्या नगरीत तिच्याकडे पाहणारे लोक दोनच प्रकारचे असतील. एक गिऱ्हाईक, दुसरे तोंड फिरवणारे. दोघांनीही चिठ्ठी वाचली. अवधूताने बाई पाहिली, तिची ती एक रात्र पाहिली, आणि म्हणाला, ही माझी गुरू.

हे मी पंधरा वर्षांत कितीतरी वेळा वाचलंय. पण कळलं या आठवड्यात. आणि कळवलं एका टिटवीने.

रात्री एक वाजता काठी घेऊन

मी सध्या अकोल्यात आहे. एप्रिलमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणून महिनाभर इथूनच काम करतोय. घर गावाबाहेरच्या लेआउटमध्ये. शेजारचा प्लॉट रिकामा, कोणीतरी गिट्टी टाकून ठेवलेली. त्या गिट्टीत टिटवीने चार अंडी घातली आहेत. घरटं म्हणावं असं काहीच नाही. जरासा खळगा, भोवती खडे. अंडी इतकी गिट्टीच्याच रंगाची की एकदा नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत.

आता टिटवीची आपल्याकडे कीर्ती काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. रात्री ओरडली की अभद्र. ही तर रोज ओरडत होती. समोरच्या काकू आईला म्हणाल्या, "टिटवी ओरडून रायली ना बाप्पा रोज रातच्याले. घरात दुखणं हाये. ते अंडे दूर फेकून द्या."

मी हसलो. कॉम्प्युटरचा इंजिनिअर माणूस मी, असल्या गोष्टी मानत नाही. पण त्याच रात्री बाबांना जरा अस्वस्थ वाटलं, आई उशाशी बसली, आणि बाहेर ती टिटवी सुरू झाली. टिव टिव टिटिव, थांबेचना. खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात गोळा आला. सगळं शिक्षण बाजूला राहिलं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी घेऊन मी प्लॉटवर गेलो. काय करणार होतो ते आज लिहायची लाज वाटते.

टॉर्चच्या उजेडात दिसला एक कुत्रा. गिट्टी हुंगत, अंड्यांपासून दहा-बारा पावलांवर. आणि टिटवी त्याच्या डोक्यावरून झेपा घेत ओरडत होती. मी कुत्र्याला हाकललं. दोन मिनिटांत ती गप्प. बाबांनाही पहाटेपर्यंत झोप लागली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

आपल्यातले पुष्कळ जण आयटीवाले आहेत, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. रात्री दोनला सर्व्हर पडतो आणि मोबाइलवर अलर्ट वाजतो. आपण चिडतो, पण "या अलर्टमुळेच सर्व्हर पडला" असं कोणी म्हणत नाही. टिटवीच्या बाबतीत मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या नेमकं हेच म्हणत आलो. ती जमिनीवर अंडी घालते, त्यामुळे कुत्रा, मांजर, मुंगूस, माणूस कोणीही रात्री-अपरात्री जवळ आलं की ओरडते. धोका आधी असतो, ओरडणं नंतर. आपण क्रम उलटा लावला आणि धोका सांगणारीलाच धोका ठरवलं.

पोटाने वाहून नेलेलं पाणी

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनचा सुमार. अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोलेकरांना सांगायला नको, 45 अंश तर सहज. मी खिडकीत उभा होतो. आमच्या कंपाउंडला लागून एक छोटा खड्डा आहे, त्यात बोटभर पाणी होतं. टिटवी आली, पाण्यात बसली, पोटाची पिसं चांगली घोळवली, उठली, आणि टपटप पाणी गाळत तुरुतुरु अंड्यांकडे गेली. अंड्यांवर बसली. तोवर जोडीदार तिथे सावली धरून उभा होता. थोड्या वेळाने तो पाण्यावर आला.

मी नंतर वाचलं. हे टिटवीचं नेहमीचं वागणं आहे आणि पक्षी अभ्यासकांनी ते नोंदवलेलं आहे. नर-मादी दोघंही पोट भिजवून येतात आणि अंडी थंड ठेवतात. पिल्लं बाहेर आल्यावर त्यांनाही तसंच भिजवतात. आपण समजतो, पक्षी अंडी उबवतो म्हणजे ऊब देतो. वऱ्हाडातल्या उन्हात उघड्या गिट्टीवर खरं काम उलटं असतं. ऊब नाही, गारवा द्यायचा. नाहीतर अंडं आतल्या आत शिजेल.

इथे मला माऊली आठवले. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेचा अर्थ सांगायला निघताना, ते स्वतःच्या धाडसाला उपमा कोणाची देतात? चोचीने समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीची. एवढा अथांग अर्थ आणि एवढीशी चोच, असा तो विनय आहे. पण गंमत पाहा. जिच्या आवाजाने आपण अंगणात थुंकतो, दार लावून घेतो, तिला माऊलींनी आपल्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर जागा दिली, आणि तीही स्वतःच्या जागी. त्यांच्या डोळ्यांपुढे अपशकुन नव्हता. एक लहान जीव होता, झेपणार नाही एवढं पाणी उचलायला निघालेला.

मी हे सगळं उत्साहाने ताईला सांगायला गेलो. माझी मोठी बहीण. ती कूलरमध्ये पाइप लावत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? तो खड्डा कोण भरते असं वाटलं तुले?"

कूलर भरून झाला की ती पाइप दोन मिनिटं त्या खड्ड्यात सोडत होती. रोज दुपारी. बारा-तेरा दिवसांपासून. आम्ही सगळे अपशकुनावर चर्चा करत होतो, आणि ताई पाणी देत होती.

113 वर्षं चुकीच्या ठिकाणी

ताईबद्दल पुढे सांगतो. आधी आपल्या शेजारच्याच जंगलातली एक गोष्ट.

माझी बायको आणि पाच आठवड्यांची लेक परतवाड्याला, तिच्या माहेरी आहेत. शनिवारी अकोटमार्गे तिकडे गेलो होतो. परतवाड्याच्या पुढे मेळघाटचे डोंगर सुरू होतात, आणि त्या डोंगरांत एक पक्षी राहतो: रानपिंगळा. बित्तीएवढं घुबड. आपल्या गावातला ठिपकेवाला पिंगळा संध्याकाळी तारेवर दिसतो, तसाच दिसायला, पण डोकं जवळपास बिनठिपक्यांचं. आणि त्याचं वागणं घुबडासारखं नाहीच. हा दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून शेपटी हलवत सरडे, पाली, उंदीर टिपतो.

याची जगाला पहिली नोंद दिली ॲलन ह्यूम यांनी, 1873 मध्ये. तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेत वाचलं. त्यानंतर थोडे नमुने मिळाले. 1884 मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना शेवटचा मिळाला, आणि पुढे पक्षी गायब. डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधूनही सापडला नाही. बहुतेकांनी तो संपला असंच धरलं.

का सापडला नाही? एक कारण फार बोलकं आहे. लंडनच्या संग्रहालयात रिचर्ड मेनर्त्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने दिलेला एक नमुना होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 1914, मांडवी, गुजरात. म्हणजे हा पक्षी 1914 पर्यंत जिवंत होता आणि गुजरातेत होता, असं सगळ्यांनी मानलं. मोठा माणूस, मोठं संग्रहालय, कोण शंका घेणार? नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला, एक्स-रे काढले. तेव्हा उघड झालं की तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक होता. चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला, आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली.

मग रासमुसेनने काय केलं? खोटी नोंद बाजूला काढली आणि फक्त भरवशाच्या जुन्या नोंदी हातात घेतल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये ती, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ पोचले. 25 नोव्हेंबरला, भर सकाळी, रानपिंगळा एका झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षांनी! पुढच्या पाहण्यांत तो मेळघाटातही सापडला, आणि आज मेळघाट हे त्याच्या मोजक्या मोठ्या आसऱ्यांपैकी एक आहे. जगात हा पक्षी फक्त भारताच्या जंगलांतच आहे आणि अजूनही संकटातच आहे.

पक्षी कुठे गेला नव्हता. तो आपला सातपुड्यात सरडे पकडत होता. हरवली होती ती आपली नजर, आणि ती हरवली एका चिठ्ठीमुळे. डेटा चुकीचा असेल तर कितीही कष्ट घ्या, आपण चुकीच्याच गावात फिरत राहतो.

मेळघाटात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींचं मला याच कारणासाठी मोठेपण वाटतं. वनखात्याचे अधिकारी असूनही ते जंगलातल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसले. पक्षी त्यांच्याकडून शिकले, त्यांची नावं त्यांच्याकडून घेतली. यदुराजा अवधूतापुढे बसला, तसंच ते.

आता खरी गोष्ट

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण येत्या रविवारी माझ्या लेकीचं बारसं आहे.

आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळण्यापाशी वाकून "कुर्रर्र" करायचं, नाव सांगायचं, आणि मग सगळ्या बायकांनी हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. माझ्या लेकीला सख्खी आत्या एकच, माझी ताई. आणि ताईचे मिस्टर 2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले.

पंधरा दिवसांपूर्वी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. अगदी गोड भाषेत. चुलत बहिणीने नाव सांगितलं तर बरं, ताईलाही उगाच अवघडल्यासारखं नको. मी तो वाचला. आणि मी, जो रोज पहाटे तुमच्यासाठी भागवतावर लिहितो, त्या मी उत्तर दिलं: "ठीक आहे, बघू."

कोणाला दुखवायला नको. बाबांची तब्येत नाजूक. ताईला तरी कुठे कळणार आहे. किती कारणं सापडतात माणसाला!

मग टिटवी आली. काठी घेऊन प्लॉटवर उभा असलेला मी मला दिसलो. आणि ध्यानात आलं की "ठीक आहे, बघू" हीसुद्धा काठीच होती, फक्त आवाज न करणारी.

एक स्पष्ट करतो. मी ताईची पिंगलेशी तुलना करत नाहीये, कोणी तसा अर्थ काढू नये. तुलना आहे ती चिठ्ठी बांधणाऱ्यांची. विदेहनगरीतले लोक, काकू, मी, आपण सगळे. ज्या बाईने नवरा गमावला तिच्यावर संकट कोसळलं. त्या संकटाची पहिली बातमी तीच, पहिला घाव तिलाच. आणि आपण क्रम उलटा लावून तिलाच संकट म्हणायचं. टिटवीसोबत केलं तेच.

आणि अजून एक धोका आहे, तो मला उशिरा दिसला. खोटी चिठ्ठी काढली की आपण लगेच दुसरी लावतो. टिटवी अपशकुनी नाही? मग वात्सल्याची मूर्ती! ताई अभद्र नाही? मग त्यागाची देवता! हारातली चिठ्ठी, पण चिठ्ठीच. टिटवी काही मूर्ती-बिर्ती नाही, ती उन्हात आपलं काम करते आणि जवळ गेलात तर तुमच्याही डोक्यावर झेप घेते. माझी ताई शाळेत शिकवते, चिडते, बाबांना गोळ्यांवरून रागावते, रात्री मोबाइलवर मालिका बघते आणि रिमोट कोणाला देत नाही. तिला देवी केलं की तिच्याकडे पाहायची गरजच संपते.

हे लिहायला सोपं आहे. मी काय केलं ते ऐका. सोमवारी सकाळी मी मोठ्या आवेशात ग्रुपवर लिहिलं, "नाव ताईच सांगणार." थोडा वेळ सगळीकडे शांतता. मग मोठ्या काकांचा बाबांना फोन. बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरीले आत्या एकच हाये, दादा. दुसरी कुठून आणू?" फोन ठेवला आणि कूस बदलली.

मला वाटलं, ताई खूश होईल. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात मोबाइल. म्हणाली, "मला विचारलं होतं का तू?"

मी गप्प.

"त्यांनी मला न विचारता नाही ठरवलं, तू मला न विचारता हो ठरवलं. फरक काय पडला मग?"

मंडळी, भागवताच्या सगळ्या अध्यायांत मला एवढा सरळ उपदेश मिळाला नव्हता. मी माफी मागितली. मग नीट विचारलं, तुला आवडेल का, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "सांगतो विचार करून." दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी कूलर भरून झाला, पाइप खड्ड्यात सोडला, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "नाव काय ठरवलं ते तर सांग मले. कानात सांगाचं म्हणजे आधी मले तर माहीत पायजे."

नाव आज लिहीत नाही. रविवारी ते पहिल्यांदा तिच्याच तोंडून जाऊ दे.

आजचा अभ्यास

अवधूताच्या यादीत 24 जागा होत्या, म्हणून यादी तिथेच संपते असं नाही. पंचविसावी जागा आपली आपण भरायची आहे. आज एवढंच करू:

घरात, सोसायटीत, ऑफिसात असा एक माणूस शोधा, ज्याच्याबद्दल तुमच्या मनात एका शब्दाची चिठ्ठी तयार आहे. "कटकट्या", "चिकट", "बिचारी", "पनवती". ती चिठ्ठी कोणी लिहिली, कधी लिहिली, तुम्ही स्वतः पाहून लिहिली की कोणा मोठ्या माणसाने बांधून दिली, हे तपासा. मग दिवसभर त्या माणसाला फक्त पाहा. सुधारू नका, वाचवू नका, कौतुकही करू नका. आणि त्याच्या वतीने काही ठरवायची वेळ आलीच, तर आधी त्याला विचारा.

आणि हो, उन्हाळा आहे. गच्चीवर, कंपाउंडपाशी, उथळ भांड्यात थोडं पाणी ठेवा. कोण येऊन पिणार, कोण पोट भिजवून नेणार, याचा हिशोब आपल्याकडे नको.

आमच्या प्लॉटवर अजून चार अंडी आहेत. काल रात्री टिटवी पुन्हा ओरडली. बाबाच जागे झाले आणि म्हणाले, "पाय रे, कुत्रं आलं वाटते." मी टॉर्च घेऊन गेलो. काठी घरीच ठेवली.

उद्या नववा अध्याय, कुरर पक्ष्यापासून सुरू करू.

राम कृष्ण हरी!